खाटा तीस, सिस्टर एक

मराठी माणसाच्या मनातली काशी म्हणजे विश्वनाथ, मणिकर्णिका आणि घरी आणलेला गंगेचा गडू. बलिया, गाझीपूर, मऊ किंवा बिहारातल्या सासारामकडे मात्र कुणी बनारसला निघालं की शेजारी आधी आजाऱ्याची चौकशी करतात. पूर्वांचल आणि पश्चिम बिहारचा मोठा दवाखाना म्हणजे बनारस. लंका नावाच्या गजबजलेल्या चौकात बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं सिंहद्वार आहे, त्याच्या आत गेलं की सर सुंदरलाल रुग्णालय. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाचं हे रुग्णालय १९२६ साली ९६ खाटांवर सुरू झालं. आज तिथे झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि नेपाळातूनही रुग्ण येतात. शिवाय कबीरचौऱ्याचं शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय आहे, पांडेपूरचं दीनदयाळ उपाध्याय रुग्णालय आहे, आणि खासगी नर्सिंग होम्सची तर गणतीच नको.

मुंबईकरांना या गर्दीची ओळख दुसऱ्या वाटेने झालेली आहे. महानगरी नाहीतर कामायनी एक्सप्रेसने आलेले कॅन्सरचे रुग्ण परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकून राहतात, हे दृश्य आपल्या सवयीचं झालंय. हा ओघ थोडा तरी त्यांच्या घराजवळ थांबावा म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने बनारसमध्ये दोन रुग्णालयं उभी केली. लहरताऱ्याचं रेल्वेचं जुनं कॅन्सर रुग्णालय २०१८ मध्ये होमी भाभांच्या नावाने नव्याने सुरू झालं, आणि विद्यापीठाच्या आवारातल्या महामना पंडित मदनमोहन मालवीय कॅन्सर सेंटरचं उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. ज्या लहरताऱ्याच्या तळ्यात कमळाच्या पानावर कबीर सापडले अशी कथा सांगतात, त्या भागात आता केमोथेरपीचे रुग्ण नंबर लावून बसतात.

इमारती वाढल्या, यंत्रं आली. पण डॉक्टरांचा संध्याकाळचा राउंड आटोपला, ओपीडी बंद झाली, की पुढचे बारा तास हा सगळा पसारा सिस्टरांच्या भरवशावर चालतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत पाळ्यांचं गणित साधारण असं असतं: सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ.

त्या रात्रीचा हिशेब मांडून पाहू. हा कुठल्या एका रुग्णालयाचा हिशेब नाही. भरलेल्या कुठल्याही सरकारी वॉर्डाला, बनारसच्या काय आणि बीडच्या काय, तो लागू पडावा.

वॉर्डात खाटा तीस, शिवाय दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकून झोपलेले रुग्ण वेगळे, ते धरू नका. सिस्टर एक. बारा तासांची मिनिटं ७२०, म्हणजे रुग्णामागे रात्रभरात २४ मिनिटं. पाळी बदलताना ओव्हर घेण्या-देण्यात सुरुवातीचा आणि शेवटचा मिळून पाऊण तास गेला. वीस जणांना रात्री दहाची आणि पहाटे सहाची इंजेक्शनं आहेत. अँप्युल फोडणं, औषध भरणं, इन्ट्राकॅथ चालू आहे का बघणं, बंद असेल तर नवी शीर शोधणं, हे चार मिनिटांत उरकलं तरी १६० मिनिटं झाली. एका रुग्णाला रक्त चढवायचं आहे. नियमाप्रमाणे पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, कारण रिअॅक्शन यायची तर बहुधा तेव्हाच येते. एक वाजता इमर्जन्सीतून नवा रुग्ण येतो: नाडी, रक्तदाब, सलाईन, रक्ताचे नमुने, केस पेपर, ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन. पाऊण तास. चारच्या सुमारास एखादा रुग्ण जातो. नळ्या काढणं, देह आवरणं, कागद पुरे करणं आणि आक्रोश करणाऱ्या घरच्यांशी बोलणं. एक तास कुठे गेला कळत नाही. आणि या सगळ्यात ज्याच्या ऑक्सिजनवर दर तासाला नजर ठेवायची होती, तो अकरा नंबरचा रुग्ण?

भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. तीन पाळ्यांत वाटलं तर प्रत्येक पाळीला नऊ खाटांमागे एक, आणि रजा-आजारपणासाठी वर तीस टक्के राखीव. व्हेंटिलेटरच्या रुग्णाला तर एकास एक. म्हणजे आपल्या तीस खाटांच्या वॉर्डात रात्री तिघी किंवा चौघी असायला हव्यात. हा निकष सगळ्या अधीक्षकांना, सगळ्या सचिवांना तोंडपाठ असतो.

आता कुणी म्हणेल, कामाचा बोजा कुठे नसतो? रास्त प्रश्न आहे. नुसत्या कष्टाने माणूस कोलमडत नाही. १९७९ साली रॉबर्ट कारासेक या संशोधकाने स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासली, तेव्हा त्याला असं दिसलं की सगळ्यात जास्त ताण भरपूर काम असणाऱ्यांना नसतो. भरपूर काम आहे पण ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा नाही, अशांना तो असतो. शस्त्रक्रिया करणारा सर्जनही बारा-बारा तास उभा असतो. पण थिएटरमध्ये शब्द त्याचा चालतो. वॉर्डातल्या सिस्टरची गत एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेसारखी: स्वयंपाक, पाहुणे, आजारपणं सगळं तिच्या अंगावर आणि किल्ल्या सासूच्या कमरेला. वॉर्डातली चादर हरवली, थर्मामीटर फुटला, तर स्टॉक रजिस्टरवर सही तिची, जाब तिला. पण एका वेळी किती रुग्ण घ्यायचे, आज अजून एक हात मागवायचा का, ही सलाईन थांबवायची का, यातलं काहीही ती ठरवू शकत नाही. दोन खाटांच्या मधे तिसरी गादी टाका असा वरून हुकूम येतो, आणि तिथल्या रुग्णाकडे लक्ष गेलं नाही की जबाब तिचा घेतला जातो.

अशा स्थितीत वर्षानुवर्षं राहिलं की जे होतं त्याला १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउट म्हटलं. तो गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करत होता, आणि सगळ्यात उत्साहाने आलेले कार्यकर्तेच आधी विझतात हे त्याने पाहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजायची प्रश्नावली बनवली. १९८१ पासून ती जगभर वापरली जाते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, मन रिकामं होणं: ड्युटीला निघतानाच वाटतं की द्यायला आता काही उरलेलं नाही. दुसरी, समोरच्या माणसाचं माणूसपण दिसेनासं होणं. तिसरी, आपल्या हातून काही चांगलं घडतच नाही अशी खात्री पटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती मुद्दाम आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणी उपजणारी स्थिती म्हणून केली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटला की बाईला गोळी द्यायची. कामातून उपजलेली स्थिती म्हटली की काम तपासावं लागतं.

दुसऱ्या खुणेपाशी जरा थांबू, कारण रुग्णाच्या घरच्यांना सगळ्यात जास्त तीच बोचते. "सिस्टर माणसासारखं बोलत नाहीत" ही तक्रार नागपुरात आणि बनारसमध्ये एकाच सुरात ऐकू येते. १९६० मध्ये इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषकाने लंडनच्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. तिला दिसलं ते असं: मृत्यू, वेदना, घाण, उघडी शरीरं यांच्या सतत सहवासाने जी भीती दाटते, तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून रुग्णालयाने कामाची रचनाच तशी केली होती. एका नर्सला एक रुग्ण पूर्ण द्यायचा नाही. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, खाट क्रमांक किंवा अवयव सांगायचा. नर्सच्या सतत बदल्या करायच्या, म्हणजे जीव गुंतायला नको. मेंझीसचं म्हणणं असं की या ढालीने भीती तर कमी झाली नाहीच, उलट कामातला आनंद तेवढा गेला. ज्या संवेदनशील मुली या पेशासाठी सगळ्यात लायक होत्या, त्याच आधी सोडून गेल्या. पासष्ट वर्षांपूर्वीचा लंडनचा हा अभ्यास वाचताना आपल्याकडचा वॉर्ड डोळ्यांपुढे येतो. ताप-नाडी मोजणारी सिस्टर वेगळी, इंजेक्शनवाली वेगळी, आणि "बारा नंबरचं लिव्हर" सगळ्यांचं.

बनारसमध्ये याला आणखी एक पदर आहे. इथे मरण लपवलेलं नसतं. शेवटचे दिवस काशीत घालवायला येणाऱ्यांसाठी या शहरात स्वतंत्र वास्तू आहेत, आणि आयसीयूतला रुग्ण वाचत नाही असं कळलं की कित्येक घरं त्याला उचलून न्यायचा निर्णय घेतात. आपल्याकडे ज्याला डामा म्हणतात तो, वैद्यकीय सल्ल्याविरुद्धचा डिस्चार्ज. कागदावर सही नातेवाइकाची. पण ऑक्सिजनची नळी प्रत्यक्ष काढायची ती सिस्टरने. काही वेळा हा निर्णय श्रद्धेचा असतो, काही वेळा पैसे संपलेले असतात, आणि कोणता कोणत्या कारणाने झाला हे रात्रभर उशाशी उभी असणाऱ्या बाईला चांगलं कळतं. उलटही होतं: काही उरलेलं नाही हे दिसत असताना टोचत राहावं लागतं. योग्य काय ते समजतंय, पण तसं वागायची मुभा नाही, या यातनेला अँड्र्यू जेमटन या नीतिशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात नैतिक क्लेश म्हटलं. काशीत मोक्षाची श्रद्धा आहे, म्हणून तिथल्या नर्सला हे हलकं जात असेल असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मोक्ष जाणाऱ्याला मिळतो. सहा वाजताचं इंजेक्शन पुढच्या खाटेवरच्याला द्यायचंच असतं.

या पेशाला आपण सेवा म्हणतो, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. १९०० साली विवेकानंदांच्या विचारांनी भारावलेल्या जामिनी रंजन मजुमदार या तरुणाने काशीच्या रस्त्यात मरायला टेकलेली एक म्हातारी यात्रेकरू पाहिली. त्याने चार आणे मागून आणले आणि तिच्या खाण्यापिण्याची सोय केली. त्यातून लक्सा भागातला सेवाश्रम उभा राहिला, १९०२ मध्ये रामकृष्ण मिशनशी जोडला गेला आणि आजही तिथे रुग्णालय चालतं. आपल्याकडे पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने मुलींना, त्यात विधवांनाही, नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, हे काम पांढरपेशा घरांत विटाळाचं मानलं जात होतं त्या काळात. या कामामागे केवढं धाडस होतं याची आज कल्पना येत नाही.

पण सेवेचा हाच मोठेपणा पुढे नर्सच्या अंगावर उलटला. सेवेला मोबदला मागायचा नसतो, सेवेत घड्याळ बघायचं नसतं, सेवेकऱ्याने रागवायचं नसतं. १९४६ चा भोर समितीचा अहवाल वाचा. अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या समितीने मोजलं तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने सुधारणा सुचवल्या. संख्या पुष्कळ वाढली, परिषद झाली, पदव्या आल्या, आणि २०२३ मध्ये १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा जाऊन राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. तरी १२ मेचा परिचारिका दिन उजाडला की मेणबत्त्या, गुलाबाचं फूल, केक, भाषणात फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आणि अलीकडे ताणमुक्तीसाठी योगाचं सत्र. योगाला माझी ना नाही. पण बारा तासांची रात्रपाळी करून आलेल्या बाईला सकाळी नऊला प्राणायामाच्या वर्गाला बसवणं हा विनोद आहे.

मग काय करायचं? रोझाबेथ कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीचा अभ्यास करून सांगितलं की माणूस निरुत्साही दिसतो तो बहुधा स्वभावाने नसतो. त्याच्या जागेलाच काही बळ दिलेलं नसतं. बळ चार गोष्टींतून येतं: माहिती, साधनं, पाठबळ आणि पुढे जाण्याची संधी. कॅनडातल्या हेदर लॅशिंजर यांनी हीच मांडणी रुग्णालयांत नेली आणि पुढची कित्येक वर्षं परिचारिकांवर अभ्यास केले. जिथे या चार गोष्टी नर्सच्या हाताला लागतात तिथे बर्नआउट कमी, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. आपल्याकडे सबलीकरण या शब्दाचा भाषणांनी चोथा केलाय, पण वॉर्डात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. राउंडला डॉक्टर रुग्णाबद्दल काय ठरवतात ते सिस्टरला समोरासमोर सांगितलं जातं का, की नंतर केस पेपरवरचं अक्षर लावत बसायचं? हातमोजे आणि सिरिंज कपाटात आहेत का, की नातेवाइकाला चिठ्ठी देऊन लंकेवरच्या दुकानांत धाडायचं आणि "सब बाहर से ही लाना है तो अस्पताल काहे का" हे आपण ऐकून घ्यायचं? घरच्यांपैकी कुणी हात उगारला तर मेट्रन आणि अधीक्षक तिच्या बाजूने उभे राहतात का? सिस्टर कोल्हापूरची असो की कोट्टायमची, आणि राजस्थानातून आलेला ब्रदर असो, दहा वर्षांनी ते कुठे असतील?

पाठबळ काय करू शकतं याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. ती तळघरात कपडे बदलत होती. ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाही. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणासाठी न्याय आणि स्वतःसाठी सुरक्षित कामाची जागा ही त्यांची मागणी होती. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा केईएमच्या सिस्टर्स पुन्हा उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. त्यांनी तिला १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं. ज्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं अशा, नंतर नोकरीला लागलेल्या मुलींनीही सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे घरी कुणी लकवा झालेलं असेल त्यांना सांगायला नको. २०११ मध्ये दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायालयाने ठरवलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. ज्यांनी काळजी घेतली, निर्णयात शब्द त्यांचा. आपल्या देशात परिचारिकांना असा शब्द मिळाल्याचा इतका ठळक दाखला मला दुसरा माहीत नाही.

त्या प्रकरणाची दुसरी बाजूही विसरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं, आणि त्या आदेशात पुन्हा अरुणा शानभागचा उल्लेख करावा लागला. पन्नास वर्षांनी.

आणि संख्या? संख्येशिवाय बाकीचं सगळं बोलणं हवेत राहतं. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं आणि दहा हजारांवर परिचारिका अभ्यासून २००२ मध्ये जो निष्कर्ष काढला तो प्रत्येक आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर असायला हवा. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्सला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत केलेल्या अभ्यासातही मृत्यूबाबत हाच आकडा निघाला. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात हा फरक नर्समागे चार रुग्ण आणि आठ रुग्ण यांच्यातला होता. तिसाव्या रुग्णापाशी काय होत असेल, याचं गणित तिकडे कुणाला मांडावं लागलेलं नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून नर्समागच्या रुग्णांची कमाल संख्या ठरवून टाकली आणि २००४ पासून तो अमलात आणला. आपल्याकडे निकष आहेत. मोडले तर कुणाला काही होत नाही.

खाटा वाढवणं सोपं आणि फोटोला बरं. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, डीआरडीओने हिंदू विश्वविद्यालयाच्या मैदानावर ७५० खाटांचं तात्पुरतं रुग्णालय उभं केलं. बनारस घराण्याचे गायक पंडित राजन मिश्र नुकतेच करोनाने गेले होते, त्यांचं नाव त्याला दिलं. काम खरोखर वेगाने झालं. पण मनुष्यबळासाठी सेनादलांच्या वैद्यकीय सेवेची मदत घ्यावी लागली, कारण आयसीयूतली नर्स तंबूसारखी पंधरा दिवसांत उभी करता येत नाही.

नोकरीच्या स्वरूपाचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये केंद्राने स्टाफ नर्सचं नाव नर्सिंग ऑफिसर केलं. सातव्या वेतन आयोगात त्यांचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. त्याच वॉर्डात, तेच इंजेक्शन देणारी कंत्राटी मुलगी याच्या अर्ध्यालाही पोचत नाही, आणि दर वर्षी करार वाढेल का या काळजीत असते. जिला उद्याची खात्री नाही, ती आजच्या चुकीबद्दल वर तोंड उघडत नाही. आणि रुग्णालयात दबलेली चूक रुग्णाला भोवते. खासगीकडे पाहावं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने म्हटलं होतं की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी नर्सइतकंच वेतन द्यावं आणि अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही ते २०,००० रुपयांखाली नसावं. केरळात परिचारिकांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं संप केले, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. बाकी ठिकाणी शिफारस फायलीत आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या मे महिन्यात सरकारी परिचारिका बेमुदत संपावर गेल्या, त्यातला मुख्य मुद्दा हाच होता की भरती बाहेरच्या एजन्सीकडून नको. २०२५ मध्ये त्याच प्रश्नावर त्यांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं.

एक आशेची गोष्ट सांगतो. २०१८ पासून गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत नर्सिंग झालेल्या मुली पुष्कळ आहेत. सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेऊन त्या रक्तदाब, मधुमेह तपासतात, ठरलेली औषधं स्वतः देतात, कुणाला पुढे पाठवायचं ते स्वतः ठरवतात. पगार कंत्राटीच, अडचणी ढीगभर. पण सही त्यांची आणि निर्णयही त्यांचा. मोठ्या रुग्णालयातल्या वीस वर्षांच्या अनुभवी परिसेविकेला जे करता येत नाही ते ही पंचविशीतली मुलगी करते. मग वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरला, रुग्णाला ताप चढला तर पॅरासिटामॉल द्यायला, रुग्ण ढासळताना दिसला तर थेट आयसीयूच्या टीमला बोलवायला आणि वॉर्ड भरला असेल तर "आता खाट नाही" म्हणायला लेखी अधिकार देण्यात नेमकी कुणाची अडचण आहे?

तुमच्या घरचं कुणी सरकारी किंवा खासगी रुग्णालयात असेल आणि तक्रार करायची वेळ आली, तर अर्जात "सिस्टर लक्ष देत नाहीत" एवढंच लिहून थांबू नका. त्या पाळीला वॉर्डात रुग्ण किती होते आणि नर्स किती होत्या, ते मोजा. तारीख आणि वेळ घालून तो आकडा लिहा, आणि अर्ज अधीक्षकांच्या नावे द्या. सरकारी रुग्णालय असेल तर मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाचा खर्च दहा रुपये.